इंग्रजीच्या वर्गात काय शिकवतात?



इंजिनिअर बोलवला म्हणजे तो कोडिंगबद्दल बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याबद्दल सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मला आज इंग्रजी साहित्य आणि त्याच्या शेजारचा सांस्कृतिक अभ्यास, म्हणजे विद्यापीठात ज्याला कल्चरल स्टडीज म्हणतात, याबद्दल बोलायचंय. माझ्या मामेबहिणीने यात एम.ए. केलं. तिची पुस्तकं मी ऑफिसच्या बसमध्ये वाचत गेलो आणि आपल्यातल्या काही जणांनी तरी इकडे यायला हवं, असं माझं मत झालं.

आपल्या घरांत इंग्रजीत एम.ए. म्हणजे एक तर फाडफाड इंग्लिश, नाही तर लग्न ठरेपर्यंत मुलीचा वेळ घालवणं. फाडफाड बोलायला दोन वर्षं विद्यापीठात जायची गरज नाही, त्याला क्लास पुरतो. इथे शिकवतात ते वाचायला. पुस्तक, सिनेमा, बातमी, जाहिरात, सगळंच.

आणि हा विषय आपल्याला परका नाही. गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या पुस्तकात दाखवलंय की इंग्रजी साहित्य हा वर्गात शिकवायचा विषय इंग्लंडमध्ये रुळण्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानात आला, आणि तो इंग्रजांच्या राज्यकारभाराच्या गरजेतून आला. म्हणजे आपले पणजोबा या प्रयोगाच्या आतच होते.

सांस्कृतिक अभ्यासाचं पहिलं केंद्र १९६४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात निघालं, तेही इंग्रजीच्याच एका प्राध्यापकाने काढलं. रिचर्ड हॉगार्ट, लीड्सच्या कामगार वस्तीत वाढलेला माणूस. त्यानंतर ते केंद्र स्टुअर्ट हॉल यांनी चालवलं. हॉल जमैकाचे, १९५१ साली ऑक्सफर्डला इंग्रजी शिकायला आलेले. त्यांचा 'एन्कोडिंग, डीकोडिंग' नावाचा निबंध आहे. नाव वाचून मला वाटलं, हे तर आपल्याच धंद्यातलं! पण आमच्याकडे पाठवलेलं आणि उघडलेलं वेगळं निघालं तर तो बग असतो. हॉल म्हणतात, माणसांमध्ये हेच रोजचं आहे. टीव्हीवाला एक अर्थ भरून पाठवतो. बघणारा तो जसाच्या तसा घेईल, थोडा आपल्या सोयीने वळवेल, किंवा पूर्ण उलटा वाचेल. एकाच चॅनेलसमोर बसलेले तुमचे अब्बा आणि शेजारचे काका काय काय बघतात, ते आठवा.

पण मला खरं धरून ठेवलं ते हॉल आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांच्या १९७८च्या पुस्तकाने. नाव 'पोलिसिंग द क्रायसिस'. झालं असं, की १९७२च्या सुमारास ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत 'मगिंग' हा शब्द एकदम सगळीकडे दिसायला लागला. रस्त्यात मारहाण करून लुबाडणं. गुन्हा जुनाच होता, शब्द मात्र अमेरिकेतून आलेला, आणि तिथल्या काळ्या वस्त्यांचं चित्र सोबत घेऊन आलेला. १९७३ साली बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागातल्या एका प्रकरणात एका पोराला २० वर्षांची शिक्षा झाली, इतर दोघांना १०-१० वर्षांची. माणूस जबर जखमी झाला होता, हे पुस्तक नाकारत नाही. ते वेगळा प्रश्न विचारतं: हा शब्द आला कुठून आणि एवढा मोठा कसा झाला?

त्यांनी कात्रणं, संपादकांना आलेली पत्रं, कोर्टातले शेरे असं सगळं समोर मांडलं. पोलीस, न्यायाधीश, मंत्री पहिली व्याख्या करतात. पेपर ती लोकांच्या बोलीत लिहितात. मग तेच न्यायाधीश म्हणतात, पाहा, लोक किती घाबरलेत, शिक्षा कडक हवी. आउटपुट पुन्हा इनपुटला जोडलेलं. आकडे तपासले तर गुन्ह्याच्या वाढीने एवढ्या घबराटीचा हिशेब लागत नव्हता.

आता आपल्याकडे या. मुस्लिम मोहल्ल्याला 'मिनी पाकिस्तान' म्हणतात. आपण काय करतो? चिडतो, व्हिडिओ फॉरवर्ड करतो, दोन दिवसांत विसरतो. हा शब्द मराठी पेपरांत कधीपासून छापला जातो, कोणाच्या तोंडी, कोणत्या बातम्यांत, याचा एखाद्या मुंब्र्याच्या किंवा मालेगावच्या मुलीने वर्षभर वाचनालयात बसून अभ्यास केला, तर तो ग्रंथालयात राहील आणि दुसऱ्याला त्यावर पुढचं काम करता येईल. 'मराठी छान बोलता हो तुम्ही' या वाक्यावरही प्रबंध होईल. जिथे बार्शीचे मेहबूब पटेल शाहीर अमर शेख झाले, त्या महाराष्ट्रात हे वाक्य अजून ऐकू येतं!

आपल्या आयांना येणारी लग्नातली हळदीची गाणी हाही या अभ्यासाचा विषय आहे. ती कोणी लिहून घेतलीत का, घरी विचारून बघा.

पैशांचं स्पष्ट बोलतो. घर तुमच्या पहिल्या पगारावर थांबलं असेल तर आधी कमवा, पुस्तकं कुठे पळत नाहीत. या पदवीवर आयटीसारखं पॅकेज मिळत नाही. शिकवणं, पत्रकारिता, प्रकाशन, अनुवाद, संशोधन अशी कामं मिळतात, सावकाश मिळतात. अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, तेव्हा आता जेआरएफवरच जास्त भिस्त.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत मीडिया आणि कल्चरल स्टडीजचं एम.ए. आहे. हैदराबादला इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ आहे. जवळच्या विद्यापीठात साधं इंग्रजीचं एम.ए. करणार असाल, तर प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा, कल्चरल स्टडीजचा पेपर आहे का आणि तो शिकवतं कोण. नसला तरी अडत नाही. नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात तो स्वतंत्र घटक आहे, त्यामुळे पुढे तो वाचावाच लागतो. सुरुवात हॉलच्या त्या निबंधापासून करा. भाषा जड आहे, डिक्शनरी जवळ ठेवा, आणि एकट्याने वाचू नका, दोघे-तिघे मिळून बसा.