दावा फेटाळला, आता काय?

आजचा एपिसोड जरा घरचा आहे.

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीने बिल्डर कंपनीवर केलेला दावा कोर्टाने फेटाळला. बाबा कमिटीत आहेत. त्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, 'संपलं सगळं. आता वकिलाची वर्गणी बंद.' बाबा गप्पच. मी पुढे कधीतरी सहज विचारलं, "बाबा, निकालाची तारीख काय?" फाइल उघडली, तर ३४ दिवस गेलेले!

म्हणून पहिली गोष्ट तारखेची. सिटी सिव्हिल कोर्टाच्या निकालावर पहिलं अपील मुंबई उच्च न्यायालयात होतं आणि मुदत असते ९० दिवस. सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण त्यासाठी अर्ज वेळेत द्यायला हवा. उशीर झाला तर माफी मागता येते, फक्त कारण कोर्टाला पटायला हवं. आणि तारखेला आपल्याकडून कोणी हजरच नव्हतं म्हणून दावा काढून टाकला असेल, तर अपील नाही. त्याच कोर्टात ३० दिवसांत तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज द्यायचा.

दुसरी गोष्ट. मला वाटायचं अपील म्हणजे रिट्राय बटण. तसं नाहीये. अपील म्हणजे जुने लॉग दुसऱ्याने नव्याने वाचणं. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा, दोन्ही तपासतात. पण नवा पुरावा सहसा घेत नाहीत. खालच्या कोर्टात जो कागद दिलाच नाही, तो वर अचानक उपयोगी पडेल असं धरून चालू नका.

आता शेजारच्या दहिसरचं उदाहरण. तिथे उलटं झालं. नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड या बिल्डर कंपनीनेच पांचाली सोसायटीवर दावा लावला, की स्टिल्टमधल्या २५ पार्किंगच्या जागा आमच्या आहेत. सिटी सिव्हिल कोर्टाने तो फेटाळला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथेही अपील फेटाळलं. मग सर्वोच्च न्यायालय. ३१ ऑगस्ट २०१० ला तिथेही सोसायटीच जिंकली. कोर्ट म्हणालं, १९६३ च्या मोफा कायद्यात असं स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. (हा मोफाखालचा निकाल. रेरानंतरच्या इमारतींना डोळे झाकून लावू नका.)

मला त्यातून काय दिसलं? कंपनी पहिल्या कोर्टात हरली तेव्हा 'संपलं' म्हणाली नाही. आणि सोसायटी जिंकली तरी फाइल बांधून माळ्यावर टाकता आली नाही. दार दोघांनाही सारखंच उघडं असतं.

आमचं अपील होईल की नाही, माहीत नाही. कदाचित वकील वाचून सांगतील, दम नाही यात. चालेल. पण तो निर्णय निकाल वाचून व्हावा, ग्रुपवरच्या एका मेसेजने नको. बाबांनी कॉपीचा अर्ज दिलाय, रविवारी मीटिंग आहे.

तुमच्या सोसायटीचा दावा असेल, तर आज घरी एवढंच विचारा: निकाल कधी लागला? चला, भेटू पुढच्या भागात!