वळायची जागा



मी डोंगरात चालायला शिकलो तो सह्याद्रीत. आपल्या गडांवर कष्ट आधी, उतार नंतर. दम संपला की माणूस मागे फिरतो आणि उतरणीची वाट त्याला गावात आणून सोडते. अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हा हिशेब उलटा आहे. समुद्रसपाटीपासून कळसूबाई जेवढी उंच, जवळपास तेवढी ती घळई खोल. अंगात जोर असतो तेव्हा उतरायचं आणि दमल्यावर चढायचं, तेही उन्हात. शिवाय जसजसं खाली जावं तसतशी हवा तापत जाते.

जून महिना होता. भाचीबरोबर पहाटे तिथल्या ब्राइट एंजल वाटेच्या तोंडाशी उभा होतो. बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिनं विचारलं, "मामा, वळायचं कुठे?" मी म्हणालो, "बघू, जमेल तसं."

त्या उत्तराबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

सात किलोमीटरवर हवासुपाई गार्डन्स लागतं. झरा आहे, कॉटनवुडची दाट सावली आहे. हवासुपाई लोक इथे शेती करायचे; त्यांना इथून हुसकावलं गेलं आणि त्यांचं नाव या जागेला मिळायला २०२२ साल उजाडलं. तिथे पोचलो तेव्हा पाय हलके होते. म्हणून पुढे प्लॅटो पॉइंटपर्यंत गेलो, आणखी अडीच किलोमीटर, झाडाचा मागमूस नाही. कड्यावरून खाली कोलोरॅडो नदी दिसली आणि मी हरखून गेलो. परतताना डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. मी पाणी पीतच राहिलो.

गार्डन्सच्या सावलीत एका महिला रेंजरनं मला थांबवलं. पाणी किती प्यायलात हे तिनं विचारलंच नाही. "खाल्लं काय?" एवढंच विचारलं. माझ्या काळ्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. घामातून मीठ गेलेलं, वरून नुसतं पाणी. रक्तातलं सोडियम पातळ होत चाललं होतं. भाचीनं पिशवीतून पोळी आणि लिंबाचं लोणचं काढलं. लोणच्याची ती फोड जिभेवर ठेवल्याचं मला अजून आठवतं. शर्ट झऱ्यात बुडवून तसाच अंगात घातला आणि चार वाजेपर्यंत तिथून हललो नाही.

बसल्या बसल्या १८६९ सालच्या जॉन वेस्ली पॉवेलच्या मोहिमेची आठवण झाली. एका हाताचा हा माणूस लाकडी होड्या घेऊन ही नदी उतरला. तीन महिने कष्ट उपसल्यावर, शिधा संपत आला असताना, एका भयंकर खळाळत्या प्रवाहापाशी तिघांनी होड्या सोडल्या आणि कडा चढून ते निघून गेले. ते परत कुणाला दिसले नाहीत. उरलेले दोन दिवसांत घळईबाहेर पडले. त्या तिघांना भित्रे म्हणणं मला पटत नाही. पूर्ण थकलेल्या माणसापुढे चांगला पर्याय उरलेलाच नसतो, एवढं मात्र त्या दुपारी मला नीट समजलं.

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, उद्यापासून तुमच्यापुढे येणाऱ्या कितीतरी वाटा सुरुवातीला उताराच्या असतील. मोठा पगार, हप्त्यावरचं घर, रोज रात्री अकरापर्यंतचं ऑफिस. पावलं आपोआप पडत जातील आणि सगळं झेपतंय असं वाटेल. तुम्हाला मनापासून सांगतो, वळायची जागा तेव्हाच ठरवा, ताजेतवाने असताना. आणि "वळायचं कुठे?" असं विचारणारं माणूस जवळ ठेवा.

त्या दुपारनंतर दोन दिवसांनी आम्ही त्याच घळईतल्या साउथ कैबाब वाटेवर होतो. भाचीनं नाड्या बांधता बांधता पुन्हा विचारलं, "मामा, वळायचं कुठे?"

"सीडर रिज. साडेसात वाजता."

साडेसातला आम्ही त्या तांबड्या सपाटीवर होतो. खाली वाट लांबवर स्पष्ट दिसत होती, वारा गार होता, पायांत भरपूर जोर होता. पोळी-लोणचं खाल्लं आणि वळलो.