‘कुणाला सांगू नको’
६ फेब्रुवारी हा मुलींचा खतना थांबवण्यासाठीचा जागतिक दिवस. ही प्रथा फक्त आफ्रिकेत नाही. मुंबईतही दाऊदी बोहरा समाजातल्या काही कुटुंबांत आहे. सातेक वर्षांच्या मुलीला काहीतरी निमित्त सांगून नेतात, लघवीच्या जागेच्या वरची नाजूक कातडी कापतात आणि बजावतात, ‘कुणाला सांगू नको.’ रक्तस्राव, जंतुसंसर्ग होऊ शकतो. फायदा काहीच नाही. त्याच समाजातल्या बायांनी याविरुद्ध तोंड उघडलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

त्या समाजाला नावं ठेवू नका. मुलींना गप्प बसवणं आपल्याही घरात आहेच. आज लेकीला जवळ घ्या, सांगा, ‘दुखलं, भीती वाटली, तर मला सांग. कुणी नको म्हटलं तरी सांग.’ मदतीला १०९८ हा फोन आहे. पैसे लागत नाहीत.