धवल्याचा कर्ता कोण?

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या लग्नसराईत भाईंदरच्या आपल्या काही वादक तरुणांनी हळदीची जुनी गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे योजिले. कर्त्याच्या जागी कोणाचे नाव घालावे, हे विचारावयास ते आमच्याकडे आले. आम्ही मास्तरी बाण्याने सांगितले, "अज्ञात असे लिहा." तेथे राई गावची एक वृद्ध धवलारीण बसली होती. ती हसली. हा धवला आपणांस सासूने शिकविला आणि शेवटची दोन कडवी आपली स्वतःची आहेत, असे तिने सांगितले. आम्ही निरुत्तर झालो.

आपल्या आगरी लग्नांत धवले गाऊन विधी चालविण्याचा मान परंपरेने धवलारणीचा. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदाइसेने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचिले. पंथीयांनी ते जतन केले, म्हणून सातशे वर्षांनंतरही तिचे नाव आपण घेतो. मिठागरांत आणि भातशेतांत राबलेल्या आपल्या आज्यांपाशी रचना होती, लेखणी मात्र नव्हती.

येथे आम्हांस आमचा अपराध कबूल केला पाहिजे. विद्यार्थिदशेत आम्ही आजीची गाणी वहीत उतरून घेतली. ती कोणाकडून शिकली, हे विचारले नाही. उलट तिचे बोल 'शुद्ध' करून लिहिले. आज ती वही उघडली असता कोणता शब्द आजीचा नि कोणता आमचा, हे आम्हांलाच सांगता येत नाही.

याच्या उलट दोष आज दिसतो. जुन्या चालीवर नवा ताल धरावयाचा आणि संपूर्ण गाणे आपल्या नावे लावावयाचे! १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांस आपापल्या सादरीकरणाचा हक्क मिळाला. तो न्याय्यच आहे. परंतु वाजविल्याने मूळ गाणे आपले होत नाही.

मग करावे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या कार्यात ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गावही नोंदविले गेले. हाच कित्ता आपण गिरवावा. तरुणांनो, ही गाणी खुशाल वाजवा; न वाजविलेले गाणे मरते. मात्र 'पारंपरिक' या शब्दाखाली तीन गोष्टी लिहा: कोणाच्या मुखातून मिळाले, कोणत्या गावी, आणि आपण त्यात काय बदलले.

त्या दिवशी तरुणांनी धवलारणीचे नाव लिहून घेतले. सासूचे नाव विचारताच ती क्षणभर थांबली. मग तिने ते हळूच उच्चारले. त्या गाण्याशेजारी ते नाव प्रथमच कागदावर आले.