गाडीखालचा काळा थेंब

पनवेलमध्ये राहून गाड्यांबद्दल बोलायचं नाही म्हटलं तरी जमत नाही. पुण्याचा एक्सप्रेस वे आपल्या कळंबोलीपासून सुरू होतो, गोव्याचा रस्ता पळस्पे फाट्यावरून सुटतो. आपल्यातल्या कितीतरी जणी आता टेम्पो, रिक्षा, व्हॅन स्वतः चालवतात. आमच्या गटाचीही एक जुनी व्हॅन आहे. पेणहून पापड, पोहे, मिरगुंडं आणायची आणि इथे विकायची, त्यावर आठ घरं चालतात. म्हणून आज गाडीखाली पडणाऱ्या काळ्या थेंबाबद्दल बोलतो.

इंजिनाच्या तळाशी एक खोलगट परात असते. मेकॅनिक तिला चेंबर म्हणतात. इंजिनाचं ऑइल तिच्यात साठतं, तिथून पंप ते जाळीतून वर ओढतो. परात आणि इंजिन यांच्यामध्ये पॅकिंग असतं, कॉर्कचं किंवा रबराचं. बऱ्याच नव्या गाड्यांत तर नुसता सिलिकॉनचा थर असतो. कॉर्क वाळतं, रबर कडक होतं, खड्ड्यात चेंबर आपटतं, आणि थेंब सुरू होतो. एसीचं स्वच्छ पाणी पडतं त्याला घाबरू नका. बोटाला तेलकट, काळं लागलं तर मात्र बघा.

थेंब पडला की गॅरेजवाला म्हणतो, "वरून सिलिकॉन मारून देतो, ताई." आम्हालाही एका गॅरेजमध्ये हेच ऐकवलं. पुढे त्याने चेंबर उतरवून पुन्हा बसवलं, तेव्हा सिलिकॉनची अर्धी नळी ओतली. गळती थांबली. तीन आठवड्यांनी कर्नाळ्याच्या खिंडीत ऑइलचा लाल दिवा लागला. आमची चालक शहाणी, तिने तिथेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि गाडी ओढून आणली. दुसऱ्या मेकॅनिकने चेंबर उघडलं, तर जाळीवर सिलिकॉनचे शेवयांसारखे धागे! ऑइल असूनही वर चढत नव्हतं. "पुढच्या पंपापर्यंत तरी जाऊ" असं म्हटलं असतं तर इंजिन जाम झालं असतं आणि हंगाम बुडाला असता.

कुकरची रिंग आठवा. कडेला भाताचं शीत चिकटलेलं असेल तर नवी रिंगही वाफ सोडते. पॅकिंगचंही तसंच. काम पॅकिंगपेक्षा पुसण्याचं जास्त. जुनं सगळं खरवडायचं, पण अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा न पाडता, आणि खरवडलेला कचरा आत पडू न देता. मग दोन्ही कडा तेलाचा अंशही राहणार नाही अशा पुसायच्या. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी वाकलेली असते, ती लाकडावर ठेवून हलक्या हाताने सपाट करून घ्यायची. सिलिकॉनच लावायचं असेल तर इंजिनासाठीचं, न तुटणारी बारीक रेघ, भोकांच्या आतल्या बाजूने. बाथरूमच्या फरशीचं सिलिकॉन, ते व्हिनेगरसारख्या वासाचं, इथे चालत नाही. रबराच्या पॅकिंगला सहसा काहीच लावायचं नसतं, फार तर जोडाच्या कोपऱ्यात ठिपका. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून सुरू करून आलटूनपालटून बेताने. जोर लावून आवळलं की कॉर्क फाटतं, आटे जातात. आणि सिलिकॉन लावलं असेल तर ते सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यायचा, बहुतेक एक दिवस. संध्याकाळी गाडी हवी म्हणून घाई केली की तोच खर्च पुन्हा.

कुकरवरून आणखी एक. शिट्टीचं भोक तुंबलं की वाफ रिंगेतून येते ना? इंजिनालाही हवा सोडणारी नळी असते, ब्रीदर. ती तुंबली की आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो. पॅकिंग दोनदा बदलूनही गळत असेल तर ती नळी तपासायला सांगा.

मुळात गळती चेंबरचीच आहे ना, हे आधी ठरवा. ऑइल वरच्या टॅपेट कव्हरमधून किंवा फिल्टरपासून ओघळून खाली येतं आणि दोष चेंबरवर जातो. कधी नुसता ड्रेन बोल्टचा वॉशर गेलेला असतो, तो अगदी स्वस्त. इंजिन खालून धुऊन पुसून घ्या, थोडी गाडी चालवा, मग थंड झाल्यावर बॅटरीच्या उजेडात बघा. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, खालची नाही. रात्री खाली पुठ्ठा ठेवला की थेंब कुठे पडतो तेही कळतं.

तोवर सकाळी सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. आम्ही ते पापडाच्या हिशोबाच्या वहीतच लिहितो.

पावसाळ्याआधी हे काम उरकाच. सांडलेल्या ऑइलवर पहिली सर पडली की रस्ता साबणासारखा होतो, आणि मागून स्कूटीवर आपलीच कुणीतरी येत असते. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू देऊ नका, ते गाढी नदीतून खाडीत जातं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, ते पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवा.