जुन्या भिंती, नवी घरं



होमिओपॅथीत औषध देण्याआधी रुग्णाचा सगळा पूर्वेतिहास विचारावा लागतो. बंद पडलेल्या कारखान्यात घरं करायची, तर त्या वास्तूलाही तसंच विचारावं.

व्हिएन्नात 1896 ते 1899 या काळात गॅस साठवायला विटांचे चार प्रचंड मनोरे बांधले. प्रत्येकाची उंची सुमारे 70 मीटर. कोळशापासून केलेला गॅस इथून शहरभर जाई. पुढे नैसर्गिक वायू आला आणि 1980च्या दशकात मनोरे रिकामे झाले. पण 1978मध्येच त्यांना संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला होता, म्हणून ते टिकले. चार वास्तुविशारदांनी एकेक मनोरा हाती घेतला. बाहेरची भिंत ठेवली, आत नव्या इमारती उभारल्या आणि उजेडासाठी मध्ये चौक सोडले. आपल्या वाड्यांचीच ही रीत! 2001मध्ये सहाशेहून अधिक घरं, विद्यार्थ्यांचं वसतिगृह आणि दुकानं तिथे नांदू लागली. मेट्रो आधीच दारात पोहोचली होती.

आता मुंबई पाहा. 1991च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि साधारण तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी होता. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली; जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून गेली. चिमणी शोभेला राहिली, गिरणगाव मात्र पांगलं.

आपल्या इंदुरात हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न 2023च्या डिसेंबरात मार्गी लागला. तोवर मिल बंद होऊन तीस वर्षं उलटली होती. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की दम कायमचा जडतो, हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे. अशा कित्येकांचं आयुष्य वाट पाहण्यातच सरलं.

तेव्हा अशा जागी घर घ्याल तर तीन गोष्टी विचारा. जमिनीची तपासणी झाली का? रंग, तेल, रसायनं मातीत मुरतात. छपराचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे नीट काढले का? फुटले की त्यांचे तंतू फुप्फुसात जातात. आणि इथे राबलेल्यांचं देणं फिटलं का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बिल्डर देईल. तिसरं आपणच विचारायला हवं. ते कुठल्याही कराराच्या कागदात नसतं.