तारेचा गुण आणि कानाचा कौल

ॲम्प्लिफायरपासून लाऊडस्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेमुळे गाण्याच्या आवाजात फरक पडतो काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी संगीतप्रेमी गृहस्थाच्या खिशाशी त्याचा निकटचा संबंध आहे. साधी तांब्याची जोडतार बाजारात मीटरवर मोजून मिळते. त्याच कामासाठी तिच्या शेकडो पट किमतीच्या ताराही विकल्या जातात आणि त्यांच्यामुळे स्वर अधिक निर्मळ होतो, असे आवर्जून सांगण्यात येते. या सांगण्यात तथ्य किती?

बारीक नळ जसा पाण्याला अडवतो, तशी बारीक तार विजेला अडवते. या अडथळ्यास रोध म्हणतात व तो ओहममध्ये मोजतात. तार लांब असेल तर तो वाढतो, जाड असेल तर घटतो. स्पीकर १० मीटरवर असल्यास प्रवाहाला जाऊन येऊन २० मीटर तांबे ओलांडावे लागते. तारेचा छेद २.५ चौरस मिलिमीटर असेल, तर हा रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्यच होय. मात्र ०.२ चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर तो १.७ ओहमच्या घरात जातो आणि शक्तीचा सुमारे सहावा हिस्सा तारेतच खर्ची पडतो. शिवाय स्पीकरचा स्वतःचा अडथळा सर्व स्वरांना सारखा नसतो. त्यामुळे काही स्वर अधिक दबतात, काही कमी, आणि गाण्याचा तोल ढळतो. हा फरक कानाला जाणवू शकतो.

तेव्हा तारेने फरक पडतच नाही, असे म्हणणे बरोबर नव्हे. परंतु तार पुरेशी जाड झाल्यावर पुढे किमतीबरोबर गोडवाही वाढत जातो, याला आधार सापडत नाही. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने १९८३ साली अशी परीक्षा घेतली. कोणती तार जोडली आहे, हे ऐकणाऱ्यांस कळू दिले नव्हते. अतिशय बारीक तार काही ध्वनींच्या बाबतीत ओळखू आली. पण आवाजाची पातळी समान ठेवून संगीत वाजवले, तेव्हा साधी जाड तार आणि महागडी तार यांतील भेद खात्रीने सांगता आला नाही.

मग पुष्कळांना फरक ऐकू येतो तो का? ते खोटे बोलतात, असे मुळीच नाही. कान एकटा ऐकत नसतो. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने अपेक्षिलेले त्यात मिसळते. आवाज किंचित मोठा झाला, तरी तो अधिक चांगला भासतो. म्हणूनच तुलना करताना पातळी सारखी ठेवावी आणि तार दुसऱ्याने न सांगता बदलावी.

खर्च न करता साधणारी एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी. दोन स्पीकरांपैकी एकाची धन व ऋण टोके उलट जोडली गेली, तर खर्जाचे स्वर परस्परांना मारतात आणि डग्ग्याचा घुमार हरवतो. टोके नीट जुळवावीत, जोड घट्ट व स्वच्छ ठेवावेत, तार अंतराच्या मानाने जाड घ्यावी. एवढे केल्यावर उरलेला पैसा उत्तम स्पीकर किंवा चांगले ध्वनिमुद्रण घेण्यात घातला, तर त्याचे चीज अधिक होईल.